स्वित्झर्लंडमधला सक्तीचा आरोग्यविमा: नव्याने राहायला आलेल्यांसाठी

स्वित्झर्लंडमध्ये सरकार स्वतः आरोग्यविमा चालवत नाही, तरीही इथे विमा नसलेला रहिवासी सापडणे कठीण आहे. या देशाची व्यवस्था अशी आहे की विमा घेणे कायद्याने बंधनकारक आहे, परंतु तो मिळतो खासगी विमा संस्थांकडून, ज्यांना इथे जर्मन भाषेत क्रांकनकासे म्हणतात. ही सक्ती ज्या कायद्याने आली तो डिसेंबर १९९४ मधील सार्वमतात मंजूर झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. या सर्व संस्थांच्या जागी एकच सार्वजनिक विमा संस्था असावी, असा प्रस्ताव २०१४ साली पुन्हा मतदारांपुढे आला होता आणि सुमारे ६२ टक्के लोकांनी तो नाकारला. हप्त्यांबद्दल दर वर्षी तक्रार करणाऱ्या लोकांनीच हा निर्णय घेतला आहे, हे इथल्या ट्रॅममध्ये किंवा ऑफिसात हप्त्यांची चर्चा ऐकताना लक्षात ठेवावे.

नवख्या माणसाने सर्वांत आधी समजून घ्यायची गोष्ट ही, की मूलभूत विम्यात काय मिळते हे कंपनी ठरवत नाही, कायदा ठरवतो. सीएसएस, हेल्साना, स्विका, कॉनकॉर्डिया अशी नावे वेगळी आणि जाहिराती वेगळ्या असल्या, तरी मूलभूत विम्याखाली मिळणारे उपचार सगळीकडे सारखेच असतात. कोणत्याही संस्थेला तुमचे वय, जुने आजार किंवा गर्भारपण पाहून मूलभूत विमा नाकारता येत नाही आणि या विम्यावर नफा कमावण्यासही तिला परवानगी नाही. ज्या संस्थेकडे तरुण आणि निरोगी सभासद अधिक आहेत, तिला आजारी सभासद अधिक असलेल्या संस्थांसाठी एका सामाईक समायोजन व्यवस्थेत पैसे भरावे लागतात, त्यामुळे केवळ निरोगी ग्राहक गोळा करण्यात फारसा फायदा उरत नाही. तेव्हा कोणती कंपनी चांगली, या प्रश्नात आठवडे घालवण्याचे कारण नाही. खरे निर्णय तीनच आहेत: वर्षाला स्वतःच्या खिशातून किती खर्च सोसायचा, डॉक्टर निवडण्याचे किती स्वातंत्र्य सोडायचे आणि अपघाताचा विमा यात ठेवायचा की नाही. बाकीचे काम तारखा सांभाळण्याचे आहे.

पहिले तीन महिने

देशात राहायला आल्यावर तुम्ही आधी आपल्या गावाच्या किंवा शहराच्या निवासी नोंदणी कार्यालयात जाता. त्या नोंदणीनंतर विमा घेण्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते. ही मुदत म्हणजे तीन महिने फुकट, असा समज नव्याने येणाऱ्यांमध्ये सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. मुदतीत विमा घेतला, तर संरक्षण रहिवास सुरू झाल्याच्या दिवसापासून लागू होते आणि हप्तेही त्याच दिवसापासून द्यावे लागतात. मी स्वतः घर शोधण्याच्या धावपळीत हे काम तिसऱ्या महिन्यावर ढकलले होते, आणि घराची अनामत भरली त्याच महिन्यात मागील सर्व हप्त्यांचे एकत्र बिल हातात पडले. थांबल्याने एक फ्रँकही वाचला नाही.

मुदत उलटून गेली, तर परिस्थिती आणखी बिघडते. मग संरक्षण अर्ज केल्यानंतरच सुरू होते, त्याआधीच्या उपचारांचा खर्च तुमचा तुम्हीच करायचा, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर हप्त्यावर ३० ते ५० टक्के अधिभार लागतो, जो उशिराच्या दुप्पट काळापर्यंत चालू राहू शकतो. तरीही विमा घेतला नाही, तर प्रशासन तुम्हाला एखाद्या संस्थेकडे नेमून देते. बाळाच्या जन्मानंतरही तीन महिन्यांचीच मुदत असते.

इथे कुटुंबाचा एकत्रित विमा नसतो, हेही आधीच सांगून ठेवायला हवे. पती, पत्नी आणि प्रत्येक मूल यांची पॉलिसी वेगळी, हप्ता वेगळा. नोकरी देणारी कंपनी तुमचा विमा काढून देत नाही आणि सहसा त्यातील वाटाही उचलत नाही. भारतातून ऑफिसच्या सामूहिक विम्याची सवय घेऊन आलेल्या माणसाला पगाराच्या चिठ्ठीत आरोग्यविम्याची कपात दिसत नाही, म्हणून तो निर्धास्त राहतो आणि नेमका इथेच फसतो. परदेशी विद्यार्थी, दुसऱ्या देशातील कंपनीने काही काळासाठी पाठवलेले कर्मचारी अशा काही गटांना सूट मिळू शकते, परंतु ती आपोआप मिळत नाही. त्यासाठी कॅन्टनच्या, म्हणजे इथल्या राज्याच्या, संबंधित कार्यालयाकडे अर्ज करून लेखी मंजुरी घ्यावी लागते.

हप्ता कशावर ठरतो

हप्ता उत्पन्नावर ठरत नाही. बँकेचा संचालक आणि त्याच बँकेतील सफाई कामगार एकाच गावात राहत असतील आणि दोघांनी एकच पॉलिसी घेतली असेल, तर दोघांचा हप्ता सारखाच असतो. तो बदलतो कॅन्टननुसार, कॅन्टनमधील विभागानुसार आणि वयोगटानुसार. वयोगट तीन आहेत, १८ वर्षांपर्यंत, १९ ते २५ आणि त्यापुढे. २०२६ साठी देशभरातील सर्व वयोगटांचा सरासरी मासिक हप्ता ३९३.३० फ्रँक आहे. त्यात मुलांचे कमी हप्तेही धरलेले असल्यामुळे प्रौढ माणसाने याहून मोठ्या रकमेची तयारी ठेवावी. जिनिव्हा, बाझल शहर आणि तिचिनो महाग आहेत, तर आपेनत्सेल इनररोडन आणि ऊरी तुलनेने स्वस्त. घर कोणत्या कॅन्टनमध्ये घ्यायचे हे अजून ठरायचे असेल, तर भाड्यासोबत हा आकडाही पाहावा.

तुलना करण्यासाठी सरकारच्या सार्वजनिक आरोग्य कार्यालयाचे प्रिमइन्फो हे संकेतस्थळ वापरावे. त्यात पिनकोड, जन्मवर्ष आणि पुढे सांगितलेले पर्याय भरले की सर्व संस्थांचे हप्ते स्वस्तापासून महागापर्यंत समोर येतात. तुलना करून देणारी खासगी संकेतस्थळेही आहेत, पण त्यांच्यापैकी काहींना करारामागे दलाली मिळते. दलाल फोनही करतात. ज्याच्याशी आपला काहीच संबंध नाही अशा माणसाला असा फोन करण्यावर २०२४ पासून बंधने आली आहेत, तेव्हा अनोळखी आवाजाने हप्ता कमी करून देतो म्हटले तर फोन ठेवून देण्यात संकोच बाळगू नये.

फ्रांशीज: जिथे खरोखर हिशेब करायचा

फ्रांशीज म्हणजे वर्षभरातील उपचारांच्या खर्चापैकी आधी स्वतः भरायची रक्कम. प्रौढांसाठी ती किमान ३०० आणि कमाल २,५०० फ्रँक असते, मध्ये ५००, १,०००, १,५०० आणि २,००० असे टप्पे आहेत. ही रक्कम संपली की पुढच्या खर्चाचे १० टक्के तुम्ही देता, ज्याला आपण स्वहिस्सा म्हणू, आणि हा स्वहिस्सा वर्षाला ७०० फ्रँकपर्यंत गेला की उरलेले सगळे विमा संस्था भरते. रुग्णालयात भरती झाल्यास दिवसाला १५ फ्रँक वेगळे द्यावे लागतात. मुलांना आणि शिक्षण घेणाऱ्या २५ वर्षांपर्यंतच्या तरुणांना ते माफ आहेत.

फ्रांशीज जितकी मोठी तितका हप्ता लहान. परंतु ही सूट किती द्यायची याला कायद्याने मर्यादा घातली आहे: तुम्ही जी जास्तीची जोखीम उचलता, तिच्या ७० टक्क्यांहून अधिक सूट देता येत नाही. ३०० ऐवजी २,५०० ची फ्रांशीज घेतली तर जोखीम २,२०० फ्रँकने वाढते आणि वर्षाची कमाल सूट १,५४० फ्रँक होते. आता कागद घेऊन बसावे. वर्षभरात डॉक्टरकडे जावेच लागले नाही, तर मोठ्या फ्रांशीजवाल्याचे १,५४० फ्रँक वाचले. उपचारांचा खर्च २,००० फ्रँक झाला, तर लहान फ्रांशीजवाला ३०० अधिक उरलेल्या १,७०० चे १० टक्के, म्हणजे ४७० फ्रँक देतो. मोठ्या फ्रांशीजवाला पूर्ण २,००० देतो, पण त्यातून वाचलेला हप्ता वजा केला की ४६० उरतात. दोघे जवळजवळ बरोबरीत. मोठी शस्त्रक्रिया झाली, तर पहिल्याचा वर्षाचा खर्च १,००० फ्रँकवर थांबतो आणि दुसऱ्याचा ३,२०० वर. हप्त्यातील बचत वजा केल्यावर दुसऱ्याचे नुकसान ६६० फ्रँकचे.

याचा अर्थ असा की वर्षाला सुमारे २,००० फ्रँकपेक्षा कमी उपचार लागतील असे वाटत असेल तर २,५००, आणि जास्त लागतील असे वाटत असेल तर ३००. मधले टप्पे समतोल वाटतात, पण हिशेबात ते जवळपास कधीच टिकत नाहीत. १,५०० ची फ्रांशीज घेऊन वरचेच २,००० फ्रँकचे उदाहरण करून पाहावे: स्वतःचे १,५५० फ्रँक जातात, सूट जास्तीत जास्त ८४० मिळते, म्हणजे निव्वळ ७१० फ्रँक, जे दोन्ही टोकांच्या पर्यायांपेक्षा अधिक आहेत. प्रत्यक्ष सूट संस्थेनुसार कमी असू शकते, म्हणून आपल्या आकड्यांवर हा हिशेब एकदा करावाच. नियमित औषधे चालू असलेल्यांनी मोठ्या फ्रांशीजच्या वाटेला जाऊ नये. तसेच २,५०० ची फ्रांशीज घेणाऱ्याकडे ३,२०० फ्रँक बाजूला ठेवलेले असावेत. ती रक्कम नसताना केवळ हप्ता कमी दिसतो म्हणून हा पर्याय निवडणारे लोक पुढे दुखणे अंगावर काढतात, असे माझे निरीक्षण आहे. मुलांची फ्रांशीज शून्यच ठेवावी.

फ्रांशीजचे वर्ष १ जानेवारीला नव्याने सुरू होते आणि त्यासाठी उपचाराची तारीख धरली जाते, बिलाची नाही. डिसेंबरमध्ये ती संपलेली असेल, तर टाळता न येणारी तपासणी जानेवारीवर ढकलू नये.

डॉक्टरकडे जाण्याचा मार्ग

नेहमीच्या मॉडेलमध्ये कोणत्याही डॉक्टरकडे, अगदी तज्ज्ञाकडेही, थेट जाता येते आणि म्हणूनच ते सर्वांत महाग असते. हाउसआर्त्झ्ट मॉडेलमध्ये आधी आपल्या ठरलेल्या कुटुंबवैद्याकडे जावे लागते, एचएमओमध्ये ठरावीक वैद्यकीय केंद्राकडे, आणि टेलमेड मॉडेलमध्ये आधी फोनवरील सल्लाकेंद्राशी बोलावे लागते. तातडीची वेळ यातून वगळलेली असते. स्त्रीरोगतज्ज्ञाकडील नियमित तपासणीसारख्या काही गोष्टींनाही बहुधा मुभा असते, पण प्रत्येक संस्थेच्या अटी वेगळ्या असल्याने त्या वाचाव्यात. मी पहिल्या वर्षी कुटुंबवैद्याचे मॉडेल घेतले आणि सवयीने थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो. दीड महिन्यानंतर ते बिल विमा संस्थेकडून परत आले, सोबत पाठवणीची चिठ्ठी नाही, असे एका ओळीचे पत्र. नियम मला माहीत होता, पण तो खरोखर पाळायचा असतो हे माहीत नव्हते. तरुण आणि निरोगी माणसाला टेलमेड सहसा पुरेसे ठरते. कुटुंबवैद्याचे मॉडेल घेण्याआधी मात्र जवळचा डॉक्टर नवे रुग्ण घेतो का, हे फोन करून विचारावे, कारण बऱ्याच ठिकाणी ते घेत नाहीत.

अपघात

आठवड्याला एकाच कंपनीत किमान आठ तास काम करणाऱ्याला कामावरील आणि कामाबाहेरील, दोन्ही प्रकारच्या अपघातांचा विमा त्या नोकरीतूनच मिळतो, आणि त्यात फ्रांशीज किंवा स्वहिस्सा नसतो. अशा माणसाने आरोग्यविम्यातून अपघाताचा भाग काढून टाकावा, म्हणजे हप्ता थोडा कमी होतो. बर्फावर घसरून मनगट मोडले तर तो अपघात, आणि सकाळी उठताना पाठ धरली तर तो आजार. पहिल्याची खबर नोकरीच्या ठिकाणी द्यायची, दुसऱ्याचे बिल क्रांकनकासेकडे. नोकरी सुटल्यावर, पगाराचा हक्क संपल्यापासून ३१ दिवसांनी हे संरक्षण थांबते, तेव्हा त्याआधी अपघाताचा भाग आरोग्यविम्यात परत घालून घ्यावा. नोकरी न करणारे जोडीदार आणि मुले यांच्या पॉलिसीत तो नेहमीच असायला हवा.

काय मिळते, काय मिळत नाही

डॉक्टरांचे उपचार, आपल्या कॅन्टनच्या यादीतील रुग्णालयाचा सर्वसाधारण कक्ष, मान्य यादीतील औषधे, डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी, आणि जुलै २०२२ पासून डॉक्टरांच्या शिफारशीने मानसशास्त्रज्ञांकडील मानसोपचारही मूलभूत विम्यात बसतात. होमिओपॅथी बसते, मात्र त्यातील मान्य प्रशिक्षण घेतलेल्या वैद्यकीय डॉक्टरने दिली तरच. आयुर्वेद या यादीत नाही. औषधाच्या दुकानात स्वस्त जेनेरिक पर्याय आहे का, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी, कारण तो उपलब्ध असताना महाग मूळ औषध घेतले तर स्वहिस्सा १० ऐवजी ४० टक्के लागू शकतो. गर्भारपणातील ठरलेल्या तपासण्या आणि प्रसूती यांवर फ्रांशीज किंवा स्वहिस्सा लागत नाही, आणि तेराव्या आठवड्यापासून प्रसूतीनंतरच्या आठ आठवड्यांपर्यंत इतर आजारांच्या उपचारांवरही तो माफ आहे.

दातांचे उपचार, काही गंभीर आजारांचा अपवाद सोडल्यास, मिळत नाहीत. प्रौढांचे चष्मे मिळत नाहीत. रुग्णवाहिकेचा अर्धाच खर्च, तोही वर्षाला ५०० फ्रँकपर्यंतच मिळतो. सुट्टीसाठी भारतात गेले असताना अचानक आजारी पडल्यास त्याच उपचाराला स्वित्झर्लंडमध्ये जेवढा खर्च आला असता त्याच्या दुपटीपर्यंत भरपाई मिळू शकते, जी बहुतेक वेळा पुरते. मात्र मुद्दाम तिकडे जाऊन करून घेतलेल्या उपचारांचे पैसे मिळत नाहीत. अचानकच्या आजाराच्या भरपाईसाठी तिथले मूळ बिल, उपचारांचा तपशील आणि पावत्या घेऊन याव्यात.

या उणिवा भरून काढण्यासाठी पूरक विमा विकला जातो, आणि तिथे सगळे नियम उलटतात. पूरक विम्यात संस्था आरोग्याची प्रश्नावली भरून घेते, नकार देऊ शकते आणि नफाही कमावते. तो मूलभूत विम्याच्याच संस्थेकडून घ्यावा असे बंधन नाही. घ्यायचा असेल तर निरोगी असताना घ्यावा, आणि नव्या संस्थेची लेखी मंजुरी हातात येईपर्यंत जुना रद्द करू नये.

बिल घरी येते तेव्हा

नवख्यांना सर्वांत गोंधळात टाकणारा प्रसंग पहिल्या बिलाचा असतो. दवाखान्यात कोणी पैसे मागत नाही, विमा कार्ड पाहून परत देतात, आणि काही आठवड्यांनी टपालपेटीत जाड पाकीट येते. त्यात तपासणीचा काळ मिनिटांच्या हिशेबाने मांडलेला असतो, प्रत्येक ओळीपुढे दरपत्रकाचा क्रमांक असतो (२०२६ पासून जुन्या टारमेडच्या जागी टारडॉक हे दरपत्रक आले आहे), आणि शेवटी क्यूआर कोड असलेली भरणा-चिठ्ठी. बऱ्याच डॉक्टरांच्या बाबतीत हे बिल आधी तुम्ही भरायचे असते आणि त्याची प्रत विमा संस्थेच्या अ‍ॅपवरून पाठवून आपल्या हक्काची रक्कम परत मिळवायची असते. रुग्णालये आणि बहुतेक औषधांची दुकाने थेट विमा संस्थेला बिल पाठवतात. मग फ्रांशीज आणि स्वहिस्सा यांचे बिल संस्था तुम्हाला पाठवते. फ्रांशीज संपलेली नसली तरी प्रत्येक बिल संस्थेकडे पाठवावे, नाहीतर ती कधी संपली हे संस्थेला कळणारच नाही. बिलातील तारखा आणि मिनिटे वाचून पाहावीत. चूक दिसली तर दवाखान्याला फोन केल्यास कोणी वाईट मानत नाही. न सांगता चुकवलेल्या भेटीचे बिलही येऊ शकते, आणि ते विमा भरत नाही.

हप्ता परवडत नसेल, तर कॅन्टनकडून त्यात सवलत मिळते. उत्पन्नाची मर्यादा, अर्जाची पद्धत आणि मुदत प्रत्येक कॅन्टनमध्ये वेगळी आहे. ज्यांचा कर थेट पगारातून कापला जातो अशा परदेशी लोकांनी कोणी आपणहून कळवेल याची वाट न पाहता अर्ज करावा. हप्ते थकले, तर स्मरणपत्रांनंतर वसुलीची कारवाई सुरू होते, तिची नोंद राहते, आणि पुढचे घर भाड्याने घेताना घरमालक नेमका त्या नोंदींचाच उतारा मागतो. थकबाकी असेपर्यंत संस्थाही बदलता येत नाही.

संस्था बदलणे आणि देश सोडणे

पुढील वर्षाचा हप्ता संस्थेने ऑक्टोबरअखेरपर्यंत कळवावा लागतो. मूलभूत विमा बदलायचा असेल, तर रद्द करण्याचे पत्र ३० नोव्हेंबरपर्यंत जुन्या संस्थेच्या हातात पडलेले असावे लागते. टपालाचा शिक्का त्या तारखेचा असून चालत नाही. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यालाच ते नोंदणीकृत टपालाने पाठवावे आणि पावती जपून ठेवावी. फ्रांशीज कमी करायची असली तरी हीच तारीख धरून चालावे. नवी संस्था तुम्हाला नाकारू शकत नाही, त्यामुळे मध्येच विम्याविना राहण्याची भीती नाही.

देश सोडताना गाव सोडल्याचा नोंदणी कार्यालयाचा दाखला विमा संस्थेकडे पाठवला, की विमा त्या तारखेला संपतो. शेवटच्या महिन्यातील उपचारांची बिले मात्र नंतरही येत राहतात आणि त्यांचे परतीचे पैसेही, तेव्हा टपालासाठी पुढचा पत्ता कळवून ठेवावा आणि इथले बँक खाते घाईने बंद करू नये.